जुने मॉन्स्टरपट : कोणती प्रत घ्यावी, काय गाळावं आणि प्राणी 'हलका' का वाटतो?

मधलीसुटी

१९३३च्या 'किंग काँग'पासून १९६५च्या 'गॅमेरा'पर्यंतचे महाकाय प्राण्यांचे चित्रपट ओळीने बघायचे आहेत. रात्रीला एक, अशा दहा रात्री. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात.

एक, प्रतींचा घोळ. जपानी 'गोजिरा' (१९५४, म्हणजे मूळ गॉडझिला) एका ठिकाणी ९६ मिनिटांचा दिसतो, दुसरीकडे ९२, तिसरीकडे ८०. यातली कापलेली कोणती?

दोन, नव्या मोठ्या टीव्हीवर काँगच्या अंगावरचे केस सारखे वळवळतात. गोजिरा तर पन्नास मीटरचा वाटतच नाही, रबरी पोशाखातला माणूस खेळण्यातल्या घरांवर नाचतोय असं दिसतं. यात चित्रपटाचा दोष किती आणि टीव्हीचा किती?

तीन, जागा दहाच आहेत, तर काय घ्यावं आणि काय गाळावं?

'त्या काळाच्या मानाने भारी' हे उत्तर पाठ आहे. ते सोडून बोला.

रीळबदल

प्रतींपुरतं लिहितो, बाकीचं तंत्रवाले सांगतील.

९६ म्हणजे पूर्ण. ९२ही पूर्णच, घाबरू नका. ती 'पाल' (युरोपात चालणारी टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवरची प्रत आहे. सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म तिथे २५ने पळवतात, म्हणजे चार टक्के जलद. ९६ला २४ने गुणून २५ने भागा, ९२ येतील. दृश्य एकही गेलेलं नसतं. फक्त आवाज किंचित चढा लागतो आणि सगळ्यांची चाल जराशी लगबगीची होते. मॉन्स्टरपटात ही लगबगच नडते, तेव्हा दोन्ही मिळत असतील तर ९६वाली घ्या.

८० मिनिटांची चीज वेगळी. 'गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!' या नावाने ती १९५६ साली अमेरिकेत लागली. रेमंड बर हा नट अमेरिकी वार्ताहर म्हणून त्यात घुसवला आणि जपानी पात्रांच्या जागी पाठमोरी माणसं उभी करून त्याचे प्रसंग वेगळे चित्रित केले. त्यासाठी जागा करायला जे कापलं, त्यात चित्रपटाचा कणा गेला. लोकलमधले प्रवासी किरणोत्सारी ट्यूनाबद्दल बोलतात, त्यातली बाई नागासाकीतून वाचल्याचं सांगते, तो तुकडा गेला. चाचण्या थांबल्या नाहीत तर असाच दुसरा कुठेतरी उगवेल, हे चित्रपटातले शास्त्रज्ञ यामाने यांचं शेवटचं बोलणंही गेलं. १ मार्च १९५४ला बिकिनी बेटावरच्या अमेरिकी हायड्रोजन बाँब चाचणीची राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवर पडली होती आणि 'गोजिरा' लागला त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला. तिथल्या प्रेक्षकाला ट्यूनाचं वाक्य समजावून सांगावं लागत नव्हतं.

सबटायटल्सही तपासा. काही डिस्कवर आवाज जपानी असतो, पण खालची वाक्यं इंग्रजी डबिंगमधून उचललेली असतात. खूण सोपी आहे. पडद्यावर तोंड मिटलेलं असताना खाली वाक्य चालूच राहिलं, किंवा कुणी लांबलचक बोलून गेलं आणि खाली दोनच शब्द आले, तर ती डबिंगची.

बाकीच्यांचं थोडक्यात:

'किंग काँग' : १०० मिनिटांची प्रत हवी. १९३८च्या पुनर्प्रदर्शनात सेन्सॉरने बरंच छाटलं आणि पुढे तीसेक वर्षं तीच छाटलेली प्रत फिरत राहिली. काँग नायिका अ‍ॅनच्या कपड्यांच्या चिंध्या सोलून बोटं हुंगतो तो प्रसंग असेल तर प्रत पूर्ण समजा. रंगवलेली आवृत्ती नकोच. धुक्याचे आणि झाडीचे जे करडे थर काचेवर रंगवून उभे केलेत ते रंगाने सपाट होतात. आणि महाकाय कोळ्यांच्या (जाळी विणणाऱ्या) दरीचा प्रसंग शोधत बसू नका. तो पहिल्या प्रदर्शनाआधीच काढला होता. जो तुकडा हल्ली दिसतो तो पीटर जॅक्सनने २००५ साली नव्याने बनवलेला आहे.

'रोदान' (१९५६) : जपानी ८२ मिनिटं. अमेरिकी त्याहून दहाएक मिनिटांनी लहान, आणि वरून निवेदक गप्प बसत नाही.

'गॉडझिला रेड्स अगेन' (१९५५) : अमेरिकेत हा १९५९ साली 'जायजँटिस, द फायर मॉन्स्टर' म्हणून आला. त्यात गॉडझिलाच्या तोंडी बऱ्याच ठिकाणी समोरच्या अँगिरसचीच डरकाळी घातली आहे. दोघं भांडत असताना कोण ओरडलं ते कळत नाही.

'किंग काँग व्हर्सेस गॉडझिला' (१९६२) : जपानी ९७, अमेरिकी ९१. अमेरिकीत बातमीदारांची बडबड घुसवली आणि इफुकुबे यांचं संगीत बहुतांश काढून युनिव्हर्सलच्या साठ्यातलं जोडलं. जपानी प्रतीतही काही तुकडे अचानक मळके दिसले तर डिस्कला दोष देऊ नका. १९७०मध्ये मुलांसाठी छोटी आवृत्ती काढताना टोहो या जपानी चित्रपट कंपनीने मूळ निगेटिव्हलाच कात्री लावली होती. आणि हो, जपानमध्ये गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकेत काँग, ही निव्वळ लोणकढी आहे. शेवट दोन्हीकडे तोच.

अर्धीफ्रेम

आधी टीव्ही, मग गोजिरा.

मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं गोंडस नाव दिलेलं असतं. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द दिसेल ते सगळं शून्यावर आणा. ही सोय दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः रचलेली फ्रेम भरते. स्टॉप-मोशनमध्ये, म्हणजे बाहुला थोडाथोडा हलवून एकेक फ्रेम टिपतात तिथे, तिचे हाल होतात, कारण बाहुल्याची प्रत्येक फ्रेम स्थिर आणि कडक असते, हालचालीची अस्पष्ट रेघ तिच्यात नसतेच. टीव्ही दोन कडक चित्रांच्या मधलं काहीतरी अंदाजाने शिजवतो आणि कडांभोवती चिखल होतो. दुसरं, शार्पनेस तळाला, नॉइज रिडक्शन बंद. फिल्मचा दाणा (चित्रातले बारीक ठिपके) पुसला की पोशाखावरच्या सुरकुत्याही पुसल्या जातात आणि रबर अधिकच रबर दिसतं.

तिसरं, आकार. १९५६पर्यंतचे टोहोचे चित्रपट जवळजवळ चौकोनी, रुंदी-उंची १.३७ला १ असे. १९५७पासून टोहोस्कोप हा रुंद पडदा, २.३५ला १. तेव्हा 'गोजिरा' आणि 'रोदान'च्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे असणारच. ते घालवायला चित्र ताणलं की गोजिरा बुटका आणि जाड होतो, म्हणजे नेमका माणसाच्या अंगलटीचा. उलट 'मोथ्रा' (१९६१) पडदाभर उभा भरलेला दिसला तर बाजू छाटलेली प्रत हाती लागली आहे.

आता वजन. डोळ्याला वजन कळतं ते पडायला किती वेळ लागला यावरून. गोजिराची उंची ५० मीटर धरली होती आणि शहर बांधलं १/२५ प्रमाणात, म्हणजे पोशाख बरोबर दोन मीटरचा. खऱ्या ५० मीटर उंचीवरून दगड पडायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. दोन मीटरवरून फक्त ०.६४. साध्या २४ फ्रेमच्या वेगाने चित्रण केलं तर बुरूज १५ फ्रेममध्ये आडवा, आणि बघणाऱ्याला तात्काळ कळतं की हा पुठ्ठा आहे. उपाय एकच, कॅमेरा जलद चालवायचा. किती जलद, तर प्रमाणाच्या वर्गमुळाइतका. २५चं वर्गमूळ ५, म्हणून २४ गुणिले ५, सेकंदाला १२० फ्रेम. तीच ०.६४ सेकंदांची पडझड ७७ फ्रेम खाते आणि पडद्यावर परत ३.२ सेकंदांची होते.

हे फुकट मिळत नाही. पाचपट वेगात प्रत्येक फ्रेमला पाचवा हिस्सा प्रकाश मिळतो, म्हणजे सव्वादोन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) थोडं जास्त नुकसान. त्यात लहान मॉडेल जवळून टिपताना पुढचं घर आणि मागचा डोंगर दोन्ही रेखीव हवेत. मागचं धूसर झालं की 'टेबलावरचं आहे' हे उघड होतं. त्यासाठी लेन्सचं छिद्र आणखी बारीक करावं लागतं, म्हणजे आणखी दिवे. त्या दिव्यांखाली हारुओ नाकाजिमा आणि कात्सुमी तेझुका साधारण १०० किलोच्या पोशाखात. एका वेळी काही मिनिटांच्या वर आत टिकणं शक्य नव्हतं. पहिला पोशाख तर इतका ताठ झाला की तो मधोमध कापून खालचा भाग नुसत्या पायांच्या दृश्यांना वापरला. चेहरा जवळून दाखवताना बऱ्याचदा हातात घालायची बाहुली असते. पोशाख आणि बाहुली यांच्या जबड्याची ठेवण जुळत नाही, एकदा दिसलं की दर वेळी दिसतं.

उलटा पुरावा हवा असेल तर 'गॉडझिला रेड्स अगेन'मधली मारामारी बघा. कॅमेरा चुकून हळू चालला, त्यामुळे पडद्यावर हालचाल भराभर झाली आणि विशेष दृश्यांचे दिग्दर्शक त्सुबुराया यांनी ती तशीच ठेवली. जनावरं चपळ दिसतात, पण किलोंची वाटतात, टनांची नाही. प्रयोग म्हणून ठीक, एरवी माझ्या मते चूक ती चूकच.

काँगच्या केसांचं मात्र टीव्हीवर ढकलू नका. तो साधारण १८ इंची बाहुला: आत सांध्यांचा धातूचा सांगाडा, वर रबर आणि सशाची कातडी. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी त्याला २४ वेळा हात लावून हलवायचं आणि दर वेळी बोटं केस विस्कटणार. काही समीक्षकांना ते रागाने फुललेले केस वाटले होते! स्मूदिंग बंद केल्यावर वळवळ राहील, फक्त चिकट दिसणार नाही.

खोलपाणी

वरच्या गणिताशी सहमत, पण एक पुस्ती. वेगाने सगळं सुटत नाही, पाणी तर नाहीच. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो आणि तो मॉडेलसाठी लहान होत नाही. १/२५च्या समुद्रात पाच मिलिमीटरचा थेंब उडाला की पडद्यावर तो साडेबारा सेंटिमीटरचा गोळा होतो. कॅमेरा १२०ने चालवा की २४०ने, गोळा तेवढाच. आगीचंही तेच: ज्वाळेची जीभ घराएवढी. म्हणून त्या काळातले शहाणे लोक पाण्यातला प्राणी रात्री, लांबून किंवा कंबरभरच दाखवतात. वितळणं मात्र त्यांना सुरेख साधलंय. 'गोजिरा'तले विजेचे मनोरे मेणाचे होते आणि त्यांच्यावर गरम हवा सोडली होती. मेण आपल्या गतीने ओघळतं आणि लोखंड वाकल्यासारखं वाटतं. त्या दृश्यात प्रमाण कुठेच चुकत नाही.

८० मिनिटांच्या आवृत्तीबद्दल रीळबदल फार कडक बोलले. पहिली म्हणून नकोच, पण मूळ बघून झाल्यावर दुसऱ्या रात्री जरूर लावा. काय कापलं यावरून काय खुपत होतं ते कळतं, आणि कित्येक वर्षं जपानबाहेरच्या बहुतेकांनी पाहिलेला गॉडझिला हाच.

निवड. पहिले तीन या क्रमानेच बघा, मध्ये काही घुसवू नका: 'किंग काँग', 'द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स' (१९५३), 'गोजिरा'. १९५२मध्ये काँग पुन्हा लागला आणि धो धो चालला, त्यातून 'बीस्ट' निघाला: अणुस्फोटाने बर्फातून उठलेला प्राणी शहरात येतो. टोहोने 'गोजिरा'ची जुळवाजुळव सुरू केली तेव्हा कामचलाऊ नावातही 'समुद्राखालच्या वीस हजार लीगवरून आलेला' असं होतं, इतकं ते उघड आहे. कथेचा सांगाडा तोच, पण मूळ 'गोजिरा'त इस्पितळातली रांग दाखवलीय. फरक तिथे आहे.

मग 'देम!' (१९५४), महाकाय मुंग्यांचा. इथे पूर्ण आकाराच्या यांत्रिक मुंग्या आहेत. त्या नीट चालत नाहीत, म्हणून दिग्दर्शक गॉर्डन डग्लस त्यांना वाळूच्या वादळात आणि गटारांत ठेवतो आणि आधी आवाज ऐकवतो. पाचवा 'टॅरँटुला' (१९५५): खरा कोळी, हवेचे झोत मारून हवा तिकडे वळवलेला. चालीत खोट नाही, पण पाय मॅटच्या (दोन चित्रं जोडताना झाकलेल्या भागाच्या) रेषेबाहेर गेला की हवेत विरतो. सहावा 'रोदान', टोहोचा पहिला रंगीत मॉन्स्टरपट. सातवा 'ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ' (१९५७), रोममधला ईमिर नावाचा प्राणी. हे नाव चित्रपटात कुणी एकदाही घेत नाही. आठवा 'मोथ्रा', नववा 'मोथ्रा व्हर्सेस गॉडझिला' (१९६४). दहाव्या जागी 'गॅमेरा' की 'गॉर्गो' (१९६१) हे तुम्ही ठरवा. मी 'गॉर्गो' घेईन, कारण लंडनमध्ये आणलेलं पिल्लू ६५ फुटी आणि मागून आलेली आई २०० फुटी, हे कळतं तो क्षण. 'गॅमेरा'ला पुढे जे रूप आलं ते पहिल्या कृष्णधवल भागात अजून नाही.

गाळा: 'बिगिनिंग ऑफ द एंड' (१९५७). नाकतोडे इमारतींच्या छायाचित्रांवर चढवलेत आणि एक तर इमारत सोडून सरळ आकाशावर पाय ठेवतो. 'द जायंट क्लॉ' (१९५७) गाळायचा की मुद्दाम बघायचा ते सोबत कोण आहे त्यावर. दोऱ्यांवर लटकवलेला तो डोळे वटारलेला पक्षी बघून हसू आवरत नाही, आणि बाकी सगळे कलाकार मात्र जीव तोडून गंभीर.

मधलीसुटी

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. स्मूदिंग बंद केलं, चित्र ताणणंही काढलं, गोजिरा लगेच उंच झाला.

एक अडलं. 'बीस्ट'मध्ये प्राणी रस्त्यावर उभा आहे, मागे खऱ्या इमारती आणि पुढेही खरी माणसं पळताहेत. मागचं समजलं, पडद्यावर फिल्म टाकली असणार. पण तो माणसांच्या मागे कसा गेला?

अर्धीफ्रेम

'बीस्ट'चा प्राणी हलवणारा रे हॅरिहाउसन, हीच त्याची खरी करामत. पुढे १९५८मध्ये तिला डायनामेशन असं नाव मिळालं. क्रम असा:

रस्त्याचं आणि पळणाऱ्या माणसांचं चित्रण आधीच झालेलं असतं. ते एका लहान अर्धपारदर्शक पडद्यावर मागून, एकेक फ्रेम थांबवून टाकायचं. पडद्यापुढे टेबल, टेबलावर बाहुला. बाहुला आणि कॅमेरा यांच्यामध्ये काच. मग दृश्यात एखादी सोयीची रेषा शोधायची, पदपथाची कड किंवा भिंतीचा माथा, आणि काचेवर त्या रेषेखालचा भाग काळा रंगवायचा. टेबल झाकलं गेलं आणि फिल्मवर तेवढी जागा कोरी राहिली. बाहुला तीळभर हलवा, मागची फिल्म एक फ्रेम पुढे, कॅमेऱ्याची एक फ्रेम टिपा. पडद्यावरच्या एका मिनिटाला असं १,४४० वेळा.

संपलं की कॅमेऱ्यातली फिल्म शून्यावर मागे गुंडाळायची. आता काचेवर उलटा रंग: वरचं काळं, खालचं उघडं. तीच मागची फिल्म पहिल्या फ्रेमपासून पुन्हा टाकून फक्त खालचा पट्टा टिपायचा. कोऱ्या जागेत पुढची माणसं येऊन बसतात आणि प्राणी मधल्या फटीत अडकतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. मोजणीत एका फ्रेमची चूक झाली तर वरचा आणि खालचा भाग वेगवेगळे डुलतात. दोन टिपणांतला प्रकाश जुळला नाही तर रेषा उघडी पडते. 'बीस्ट'मध्ये पदपथाच्या कडेवर नजर ठेवा. आणि मागचं दृश्य दुसऱ्यांदा चित्रित झाल्यामुळे त्याचा दाणा जाड होतो. म्हणून चांगल्या प्रतीवर चित्र अचानक भुरकट झालं की समजायचं, प्राणी येतोय. नॉइज रिडक्शन चालू असेल तर ही सूचनाही पुसली जाते.

ता. क. : 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' (१९५५) कधी पाहिलात तर ऑक्टोपसचे पाय मोजा. सहाच आहेत. दोन पैशांअभावी कापले. पाण्यात लपत असल्याने लवकर लक्षात येत नाही.

रीळबदल

'देम!'बद्दल एक राहिलं. चित्रपट कृष्णधवल आहे, पण सुरुवातीचं नाव लाल-निळं येतं. चुकून रंगवलेली प्रत आली समजून डिस्क काढू नका, मूळ तसंच आहे. रंगात आणि त्रिमितीत काढायचं ठरलं होतं, नंतर बेत बदलला आणि नाव तेवढं रंगीत राहिलं.